चाळणीत उरलेल्यांचं काय झालं?

इयरफोन सापडत नसतील, लोकलमध्ये रेंज जात असेल किंवा शेजारी आजी झोपलेली असेल, तर हा एपिसोड वाचूनही चालेल. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी गोष्ट तीच.

आजचा विषय एका मेसेजमुळे सुचला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका श्रोत्यानं लिहिलंय, "दादा, दोन वर्षं घासून सीईटी दिली. आता वर्गात बघतो तर ९९.६ पर्सेंटाइलवाल्याला एम-वनमध्ये केटी लागलीय आणि ९७.९ वाली वर्गात पहिली आलीय. पर्सेंटाइलचा आणि सेमिस्टरच्या मार्कांचा काडीचा संबंध दिसत नाही. मग ही परीक्षा आहे कशाला? आणि माझा जो मित्र पाव पर्सेंटाइलनं राहिला, त्याचं काय?"

यात दोन प्रश्न आहेत. पहिला सगळेच विचारतात: परीक्षा कशाला? दुसरा फार कमी लोक विचारतात: जो राहिला, त्याचं काय? गंमत अशी की पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात लपलंय. अमेरिकेत गेली शंभर वर्षं यावर आकडेमोड चाललीय, भांडणं झालीत, आणि चांगली शिकलेली माणसं तोंडावर आपटलीत. आज तीच गोष्ट सांगतो. गणित आहे, पण घाबरू नका. वडापावही आहे.

एक हजार छत्तीस पोरं

चला दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाला हजारोंनी वैमानिक हवे होते. विमान चालवायला शिकवणं महागडं काम. विमान, पेट्रोल, प्रशिक्षक, सगळंच मोजकं. शिवाय जो शिकू शकत नाही तो स्वतःसकट विमान आपटणार. म्हणून मानसशास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाला काम दिलं गेलं: कोण वैमानिक होऊ शकेल ते आधीच ओळखा. गटाचे प्रमुख होते जॉन फ्लॅनागन.

त्यांनी चाचण्यांचा एक संचच बनवला. गणित होतं, यंत्रांची समज होती, विमानाचे काटे वाचणं होतं. एका चाचणीत उमेदवारासमोर दिवे लागायचे आणि हातातला दांडा नि पायातली पॅडल्स हलवून त्या दिव्यांशी जुळवून घ्यावं लागायचं. या सगळ्याचा मिळून एक ते नऊ असा एकच आकडा काढायचे. त्याला नाव होतं 'स्टॅनाइन'. नऊ म्हणजे उत्तम, एक म्हणजे घरी जा.

आता प्रश्न आला: हा आकडा खरंच काम करतो का? साधा उपाय म्हणजे ज्यांना घेतलं त्यांचं स्टॅनाइन आणि प्रशिक्षणाचा निकाल समोरासमोर ठेवायचा. बहुतेक कॉलेजं आजही हेच करतात. पण या लोकांनी एक अफाट गोष्ट केली. त्यांनी तरुणांचा एक गट घेतला, सगळ्यांच्या चाचण्या घेतल्या, आणि मग निकालाकडे न बघता सगळ्यांना प्रशिक्षणाला पाठवलं. एक मिळवणाराही गेला, नऊ मिळवणाराही गेला. ऐन युद्धात!

त्यातल्या १,०३६ जणांचे आकडे रॉबर्ट थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९४९ च्या आपल्या पुस्तकात छापले. एक छोटंसं कोष्टक आहे. माझ्या मते परीक्षांच्या इतिहासातलं ते सगळ्यात मोलाचं कोष्टक असेल.

ते समजायला एकच संकल्पना हवी: सहसंबंध, म्हणजे कोरिलेशन. दोन गोष्टी किती जोडीनं चालतात याचं माप. शून्य म्हणजे एकीवरून दुसरीचा सरळ अंदाज बांधता येत नाही. एक म्हणजे पक्की जोडी, एक कळली की दुसरी कळलीच. माणसांच्या बाबतीत ०.६ च्या वर आकडा आला तर अभ्यासक खूश होतात.

सगळ्या १,०३६ जणांमध्ये स्टॅनाइन आणि प्रशिक्षणाचा निकाल यांचा सहसंबंध होता ०.६४. दमदार.

मग थॉर्नडाइकनं दुसरा आकडा दिला. कडक निवड लावली असती तर यातले किती जण आत गेले असते? फक्त १३६, म्हणजे साधारण १३ टक्के. फक्त या १३६ जणांमध्ये सहसंबंध किती? ०.१८.

तीच चाचणी, तेच प्रशिक्षण, तीच माणसं. ०.६४ चा झाला ०.१८. आणि ती दांडा-पॅडलवाली चाचणी? सगळ्यांमध्ये ०.४०. निवडलेल्यांमध्ये उणे ०.०३. म्हणजे शून्यच धरा.

आता विचार करा. हवाई दलानं नेहमीसारखी फक्त वरच्या १३६ जणांना घेऊन तपासणी केली असती, तर कुणीतरी अहवाल लिहिला असता की दिव्यांची ही चाचणी बिनकामाची आहे, बंद करा, पैसे वाचवा. आणि अहवालातला प्रत्येक आकडा बरोबर असूनही निष्कर्ष साफ चुकला असता.

चाळलेलं पीठ

असं का होतं? आई पीठ चाळते ते आठवा. कोंडा चाळणीत राहतो, पीठ खाली पडतं. आता कुणी फक्त खालचं पीठ चिमटीत घेऊन म्हणालं, "सगळे कण तर सारखेच बारीक आहेत, मग चाळणी कशाला?" तर आई काय म्हणेल? "अरे, चाळलंय म्हणून सारखे आहेत ना!"

त्या १,०३६ जणांना मैदानात रांगेत उभं करा. डावीकडे स्टॅनाइन एक, उजवीकडे नऊ. डाव्या टोकाचे बहुतेक जण प्रशिक्षणात गळले, उजव्या टोकाचे बरेच टिकले. पूर्ण रांग बघितली की फरक डोळ्यात भरतो. पण फक्त उजव्या टोकाचे १३६ बघितले, तर त्यांच्या गुणांत फरकच किती? चाचणीनं जे मोजायचं ते सगळ्यांकडे भरपूर आहे. मग कोण पास, कोण नापास हे दुसऱ्याच गोष्टी ठरवतात: प्रशिक्षक कसा भेटला, झोप झाली का, नजर, धीर, नशीब.

याला संख्याशास्त्रात 'रेंज रिस्ट्रिक्शन' म्हणतात. म्हणजे गुणांची पट्टीच आखूड झालेली असते. ही नवी गोष्ट नाही बरं का. सहसंबंधाचं गणित ज्यांच्या नावानं ओळखलं जातं त्या कार्ल पिअर्सननी १९०३ मध्येच दाखवलं होतं की निवड केल्यावर सहसंबंध बदलतो, आणि तो मूळ किती असावा याचं सूत्रही दिलं होतं.

आता आपल्या श्रोत्याच्या वर्गात या. तिथे सगळे साधारण ९७.५ ते ९९.७ च्या मधले. पट्टी एवढी आखूड, की तिच्यावरून सेमिस्टरचा अंदाज बांधणं म्हणजे चाळलेल्या पिठात कोंडा शोधणं. वर्गात संबंध दिसत नाही, एवढ्यावरून परीक्षा फुकट ठरत नाही. अर्थात, एवढ्यावरून ती चांगलीही ठरत नाही. त्या वर्गात बसून हे कळतच नाही.

स्टेशनचा वडापाव

यापेक्षा खट्याळ गोष्ट पुढे आहे. तुमच्या गावात बघा, स्टेशनला किंवा एसटी स्टँडला लागून असलेला वडापाव बऱ्याचदा यथातथाच असतो, आणि आडगल्लीतला भन्नाट. मग आपण सिद्धांत मांडतो की जागा मोक्याची मिळाली की माणूस आळशी होतो.

असेलही. पण दुसरं कारण बघा. वडापावची गाडी टिकायला दोनपैकी एक तरी गोष्ट लागते, जागा किंवा चव. स्टेशनबाहेर चव नसली तरी गिऱ्हाईक येतंच. आडगल्लीत चव नसेल तर गाडी चार महिन्यांत बंद. म्हणजे आडगल्लीतले बेचव वडापाव तुम्हाला दिसतच नाहीत, कारण ते उरलेच नाहीत. समजा मुळात जागेचा आणि चवीचा काही संबंध नव्हता. तरीही टिकलेल्या गाड्यांमध्ये तो उलटा दिसायला लागेल.

हे कागदावर नीट मांडलं जोसेफ बर्कसन यांनी, १९४६ मध्ये. ते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांचं उदाहरण दवाखान्याचं होतं. दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध नसला, तरी फक्त भरती झालेल्या रुग्णांमध्ये बघितलं की संबंध असल्यासारखा दिसू शकतो. कारण भरती होणं हीसुद्धा एक चाळणीच.

१९७५ मध्ये रॉबिन डॉज या मानसशास्त्रज्ञानं हाच धागा कॉलेजप्रवेशाला लावला. अमेरिकेतल्या पदव्युत्तर विभागांत तेव्हा बोललं जायचं की जीआरईच्या गुणांचा आणि पुढच्या यशाचा फारसा संबंध दिसत नाही. डॉज म्हणाले, दिसेल कसा? ज्याचे जीआरईचे गुण कमी होते आणि तरीही ज्याला घेतलं, त्याच्याकडे दुसरं काहीतरी जबरदस्त होतं म्हणूनच घेतलं ना! कॉलेजातले मार्क उत्तम असतील किंवा प्राध्यापकांनी भरभरून लिहिलं असेल. आडगल्लीतल्या वडापावासारखं. आत आलेल्यांमध्ये कमी गुणवाले हे साधे कमी गुणवाले नसतात, ते खास निवडलेले असतात. ते चांगलं करतात यात नवल काय?

म्हणून तुमच्या वर्गातली ती ९७.९ वाली पहिली आली, तेव्हा तिनं परीक्षा खोटी ठरवली असं लगेच म्हणू नका.

मग परीक्षाच जिंकली म्हणायची?

इथपर्यंत ऐकून कोचिंगवाले टाळ्या वाजवत असतील. थांबा. आता गोष्टीची दुसरी बाजू, आणि ती जरा कडू आहे.

मागे जाऊ, पहिल्या महायुद्धात. १९१७ पासून अमेरिकन सैन्यानं सुमारे १७ लाख जवानांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'अल्फा', न येणाऱ्यांसाठी 'बीटा'. अल्फामध्ये प्रश्न कसले? क्रिस्को म्हणजे काय: औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्को म्हणजे आपल्याकडे डालडा होतं ना, तसं अमेरिकन घरातलं वनस्पती तूप. आता इटलीहून येऊन दोन वर्षं झालेल्या गवंड्याला हे कसं ठाऊक असणार?

प्रिन्स्टनचे एक मानसशास्त्रज्ञ होते, कार्ल ब्रिगहॅम. त्यांनी हे आकडे घेऊन १९२३ मध्ये अमेरिकन बुद्धिमत्तेवर एक पुस्तक लिहिलं. आकड्यांमध्ये एक गोष्ट स्पष्ट होती. जो स्थलांतरित अमेरिकेत जितकी जास्त वर्षं राहिलेला, तितके त्याचे गुण जास्त. वीस वर्षांपेक्षा जास्त राहिलेले लोक तर तिथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीला येत होते.

तुम्ही काय म्हणाल? राहून राहून भाषा आली, क्रिस्को कळलं, परीक्षा देण्याची सवय झाली. ब्रिगहॅमनी काय म्हटलं? आधी आलेले लोक चांगल्या वंशाचे होते आणि आताचे हलक्या वंशाचे येतायत! स्थलांतरितांविरुद्ध वातावरण तापलेलं होतं. १९२४ मध्ये दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक कोटा लावणारा कायदा झाला. असल्या पुस्तकांनी त्या वातावरणात तेलच ओतलं.

आणि याच ब्रिगहॅमनी अल्फाच्या धर्तीवर कॉलेजप्रवेशासाठी एक परीक्षा तयार केली. २३ जून १९२६ ला ती पहिल्यांदा झाली, सुमारे ८,००० विद्यार्थी बसले. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न! तीच ही सॅट.

पण ब्रिगहॅमचं पुढचं वागणं मला महत्त्वाचं वाटतं. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच लेख लिहून आपला १९२३ चा अभ्यास मोडीत काढला. वेगळ्या भाषेत, वेगळ्या वातावरणात वाढलेल्या गटांची अशी तुलना करताच येत नाही, आणि आपला वंशभेदाचा सगळा डोलारा पोकळ होता, असं छापून मान्य केलं. चूक मोठी होती, कबुलीही मोठी होती. तोवर कायदा होऊन सहा वर्षं झाली होती. बोटीत चढू न शकलेल्या माणसांना ती कबुली कोण वाचून दाखवणार?

धडा सरळ आहे. गुण आणि यश जोडीनं चालतात हे दाखवलं, म्हणून ते *का* चालतात हे कळत नाही. इंग्रजी घरात बोललं जातं, वेगळी खोली आहे, क्लासची फी भरता येते, या गोष्टी परीक्षेतले गुणही वाढवतात आणि कॉलेजातले मार्कही. दोन्ही फुग्यांना हवा एकाच पंपानं भरली असेल, तर एका फुग्यावरून दुसऱ्याचा अंदाज छान येतो. पण श्रेय कुणाचं, फुग्याचं की पंपाचं?

न पाहिलेल्यांचं गणित

आता तो पिअर्सनच्या सूत्राचा मुद्दा. २००६ मध्ये कॉलेजात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा सॅट घेणाऱ्या संस्थेनंच अभ्यास केला, ११० कॉलेजांतला. सॅट आणि पहिल्या वर्षाचे मार्क यांचा सहसंबंध आला ०.३५. रेंज रिस्ट्रिक्शनची दुरुस्ती केल्यावर झाला ०.५३. शाळेच्या मार्कांचा ०.३६, दुरुस्तीनंतर ०.५४. म्हणजे काही तासांची परीक्षा आणि चार वर्षांची शाळा, दोघी जवळपास सारख्याच. दोन्ही एकत्र वापरले तर अंदाज सुधारतो.

दुरुस्ती करणं योग्यच आहे, त्या १,०३६ जणांनी ते शिकवलंय. पण फरक बघा. हवाई दलानं बाहेरच्यांना खरोखर आत घेऊन पाहिलं होतं. इथे सूत्र लावताना आपण *गृहीत* धरतो की बाहेर राहिलेलेही त्याच सरळ रेषेवर चालले असते. ते आत आले असते तर काय झालं असतं, हे कुणी पाहिलेलं नाही.

आणि ०.५३ म्हणजे तरी किती? त्याचा वर्ग करा, साधारण ०.२८. विद्यार्थ्याविद्यार्थ्यांमध्ये कॉलेजच्या मार्कांत जो फरक पडतो, त्यातला साधारण २८ टक्के भाग या गुणांशी जोडता येतो. उरलेला ७२ टक्के दुसरीकडे आहे. हजारो मुलांच्या सरासरीसाठी हा आकडा उपयोगी आहे. एका मुलाचं भविष्य सांगायला मात्र तो ज्योतिषापेक्षा बरा, डॉक्टरच्या एक्स-रेपेक्षा फारच कच्चा.

न्यूयॉर्कनं दार उघडलं तेव्हा

हवाई दलासारखं कुणा विद्यापीठानं कधी केलं का? अगदी तसं नाही, पण एकदा जवळपास तसं घडलं.

न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज १८४७ पासूनचं, गरिबांच्या मुलांना फुकट शिकवणारं. पण फुकट असलं तरी कटऑफ इतका वर गेला होता की शहरातल्या काळ्या आणि पोर्तो रिकन घरांतली मुलं आत फारच कमी दिसायची. एप्रिल १९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी कॅम्पसचा एक भाग ताब्यात घेतला. शेवटी शहराच्या विद्यापीठानं ठरवलं की १९७० पासून शहरातल्या शाळा पास झालेल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा मिळणार. ज्यांचे मार्क बरे त्यांना चार वर्षांच्या कॉलेजात, बाकीच्यांना दोन वर्षांच्या. त्या वर्षी सुमारे ३५,००० नवे विद्यार्थी आले. वर्ग पुरेनात, शिक्षक पुरेनात.

टीकाकार म्हणाले, बघा, कमी मार्कांची मुलं गळतायत. आणि ती गळत होतीही. चार-पाच वर्षांनी हिशेब मांडला असता तर प्रयोग फसला असं म्हणायला आकडे तयार होते. १९७६ मध्ये शहराचं दिवाळं निघायची वेळ आली आणि फुकट शिक्षणही संपलं.

पण डेव्हिड लॅव्हिन हे समाजशास्त्रज्ञ त्या मुलांची पाठ सोडायला तयार नव्हते. ते आणि पॉल ॲटवेल यांनी, १९७० ते ७२ मध्ये दाखल झालेल्या जवळपास २,००० बायकांना तीस वर्षांनी पुन्हा गाठलं. २००७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. निकाल? सत्तर टक्क्यांहून जास्त जणींनी शेवटी पदवी घेतली होती. काहींना दहा वर्षं लागली, काहींना वीस. मध्ये नोकरी, लग्न, बाळंतपण, पैसे संपणं, सगळं झालं. पण त्या परत आल्या. आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणावरही त्याचा परिणाम दिसत होता.

'कॉलेजमधलं यश' म्हणजे पहिल्या वर्षाचे मार्क धरले, तर यातल्या कितीतरी जणी नापास. तीस वर्षं धरली तर पास. घड्याळ कधी थांबवायचं हे ज्यानं ठरवलं, त्यानं अर्धा निकाल तिथेच लावला.

आता आजचाच नियम या अभ्यासालाही लावू. तीस वर्षांनी ज्या सापडल्याच नाहीत त्यांचं काय? त्यांचं बरं चाललं नसेल अशी शक्यता आहेच. म्हणून ७० चा आकडा देवासमोर ठेवून पूजा करू नका. पण पाचव्या वर्षी लावलेला निकाल अपुरा होता, एवढं तरी त्यातून दिसतं.

एक विद्यापीठ, दोन निष्कर्ष

हे भांडण मिटलंय का? छे! कॅलिफोर्निया विद्यापीठाचंच बघा. २००१ मध्ये तिथले अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन म्हणाले की सॅटचा मुख्य पेपर सोडून देऊ. त्यांच्या विद्यापीठानं जवळपास ७८,००० विद्यार्थ्यांचे आकडे तपासले होते. शाळेचे मार्क आणि विषयवार परीक्षा हाताशी असल्या की सॅटच्या मुख्य पेपरानं अंदाजात फारशी भर पडत नव्हती. घरची परिस्थिती हिशेबात घेतली की आणखीच कमी.

२०२० मध्ये त्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या समितीनं पुन्हा आकडे काढले. यावेळी सॅटचे गुण पहिल्या वर्षाचा अंदाज शाळेच्या मार्कांपेक्षा चांगला बांधत होते. कारण? शाळांमध्ये आता मार्कांची खैरात सुरू झाली होती. सगळ्यांनाच नव्वद पडले तर पट्टी तिकडेही आखूड होणारच ना! तरीही मे २०२० मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळानं सॅट बाजूला ठेवायचा निर्णय घेतला. आणि २०२२ मध्ये एमआयटीनं ती परत आणली.

म्हणजे कुणी खोटं बोललं का? नाही. काळ बदलला, शाळेचे मार्क बदलले, आणि विचारलेला प्रश्नही बदलला. अंदाज किती बरोबर येतो हा गणिताचा प्रश्न. कुणाला संधी द्यायची हा गणिताचा प्रश्नच नाही, तो आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचा आहे. पण दुसऱ्याचं उत्तर द्यायला अवघड जातं, म्हणून पहिल्याचा आकडा पुढे करायची सवय सगळीकडेच आहे.

तर, मित्रा

आता ज्यानं मेसेज केला त्याच्यासाठी.

पहिला प्रश्न, परीक्षा कशाला? तुझ्या वर्गात बसून त्याचं उत्तर मिळणार नाही. तुम्ही सगळे चाळणीतून खाली पडलेले. पूर्ण रांग बघितली तर परीक्षेला काहीतरी दिसत असणार. पण ९७.९ आणि ९९.६ मधला फरक जर वर्गात काहीच सांगत नसेल, तर कटऑफच्या या बाजूचा पाव पर्सेंटाइल आणि त्या बाजूचा पाव पर्सेंटाइल यांच्यातला फरक तरी काय सांगणार? कटऑफ जागा मोजून लागतो. साठ जागा असतील तर एकसष्टावा बाहेर. त्यात एकसष्टावा कमी लायकीचा आहे असं कुठलंही संख्याशास्त्र म्हणत नाही.

दुसरा प्रश्न, मित्राचं काय? खरं सांगायचं तर तो तुमच्या कॉलेजात कसा चमकला असता, हे कुणालाच कळणार नाही. त्याचा आकडा कुठल्याच अहवालात येणार नाही, कारण आत आलेल्यांचेच निकाल लागतात. ऐन युद्धात एका हवाई दलानं १,०३६ जणांना दार उघडून दिलं, म्हणून आपल्याला एवढं तरी कळलं. म्हणून पुढच्या वेळी कुणी छातीठोकपणे म्हणालं, "मार्कांवर काही नसतं" किंवा "मार्कच सगळं सांगतात", तर त्याला एकच विचार: तू कुणाला मोजलंस, आणि कोण मोजायचं राहिलं?

आणि हो, मित्राला आज फोन कर. हा एपिसोड पाठव, किंवा नको पाठवूस. नुसताच बोल.

चला मंडळी, पुढच्या एपिसोडला भेटू. तुमच्या वर्गातलं ९७.९ आणि ९९.६ काय म्हणतंय ते कळवा. काळजी घ्या!